शिक्क्यापासून शुभेच्छापत्रापर्यंत : रबरी ठशाचा इतिहास आणि पहिला धडा



हाताने शुभेच्छापत्र करायचे आणि त्यावर रबरी ठसा उमटवायचा, हा विषय इतिहासाच्या पाठांत कसा आला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी आधी भिलाईला जाऊ.

भिलाई हे छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातले पोलादाचे गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, त्यातून येथील कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरच्या रेल्वेला रूळ पुरवणारा कारखाना म्हणून भिलाईचे नाव आहे. तुम्ही देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात राहत असा, जवळच्या स्थानकाच्या आवारात रचून ठेवलेले नवे रूळ दिसले तर त्यांच्या मधल्या उभ्या भागाकडे नीट पाहा. (लोहमार्गावर उतरून पाहू नका, तो अभ्यासाचा भाग नाही.) तेथे उठावाची अक्षरे दिसतील : रुळाचे दर मीटरचे वजन, पोलादाचा दर्जा, बनवणाऱ्या कंपनीचे संक्षिप्त नाव, रोमन अंकात महिना आणि मग वर्ष. ही अक्षरे कोणी रंगवलेली नसतात. तापून लाल झालेले पोलाद लाटणाऱ्या रुळांतून जाताना त्या लाटणाऱ्या रुळावर कोरलेली अक्षरे त्याच्यावर उमटतात. रुळावर अक्षर वर आलेले दिसते, कारण लाटणाऱ्या रुळात ते खोल कोरलेले असते. रुळावर ते सुलटे वाचता येते, कारण लाटणाऱ्या रुळात ते उलटे असते. याच रुळावर ओतीव पोलादाच्या घाण्याचा क्रमांकही असतो. तो मात्र ठोकून आत दाबलेला असतो. एकाच वस्तूवर ठशाचे दोन्ही प्रकार, उठावाचा आणि खोलगट.

खोल आणि उठाव, उलटे आणि सुलटे. ठसा समजून घ्यायला एवढ्या दोन जोड्या पुरतात. सिंधू संस्कृतीच्या शंखजिऱ्याच्या मुद्रा असोत, मराठेशाहीचे शिक्के असोत, कचेरीतला जांभळ्या शाईचा गोल शिक्का असो की तुम्ही खोडरबर कोरून केलेले आंब्याचे पान असो, यंत्र तेच. प्रत्येक काळात बदलला तो एक प्रश्न : हा ठसा उमटवण्याचा अधिकार कोणाला? या पाठात त्याच प्रश्नाच्या मागे जायचे आहे. ठसा कसा करायचा ते शेवटी येईलच.

शिक्का आणि मोर्तब

मराठीत एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे आपण म्हणतो. हा एक शब्द नव्हे, दोन आहेत. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांवर साधारणपणे दोन मुद्रा असत. पत्राच्या माथ्यावरची मोठी मुद्रा म्हणजे शिक्का, आणि मजकूर जेथे संपतो तेथे लगेच उमटवलेली लहान मुद्रा म्हणजे मोर्तब. मोर्तब हा फारसीतून आलेला शब्द. पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे मोर्तब झाले. ही शेवटची मुद्रा शोभेची नव्हती. तिच्या खाली कोणी आणखी एक ओळ घुसडली तर ती खोटी, हे पाहताक्षणी कळावे यासाठी ती होती. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुख्य मुद्रेबद्दल सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या पत्राखालच्या छोट्या मुद्रेवरचे शब्द ‘मर्यादेयं विराजते’ असे आहेत. पत्राची मर्यादा येथे संपली, हे त्या दोन शब्दांनी सांगितले जाते. बँकेच्या धनादेशावर रकमेनंतर आपण ‘फक्त’ लिहून रेघ ओढतो. काम तेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पत्राचा मजकूर मोडी लिपीत, घाईने, लेखणी न उचलता लिहिलेला, पण मुद्रेवरची अक्षरे देवनागरी, म्हणजे त्या काळच्या भाषेत बाळबोध. कोरणाऱ्याला सुटी, ठसठशीत, सावकाश घडवता येणारी अक्षरे हवी असतात. ठशाच्या अक्षराला हाताची लय चालत नाही, हे तेव्हाच्या कारागिराला पक्के माहीत होते. हा मुद्दा तुम्हाला पुढे उपयोगी पडेल.

मुद्रेवर कोणाचे नाव आधी, यालाही अर्थ होता. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येते, मग पेशव्यांचे. प्रत्यक्ष सत्ता पुण्याला गेली तरी शिक्क्याने तसे कबूल केले नाही. ‘शिक्केकट्यार’ हा शब्दही याच व्यवहारातला. पद मिळाले म्हणजे शिक्का आणि कट्यार मिळाली. एका हाताने हुकूम पक्का करायचा, दुसऱ्याने तो पाळायला लावायचा.

हे सारे पुण्या-साताऱ्याचे झाले, छत्तीसगडचा त्याच्याशी काय संबंध, असे विचाराल तर संबंध थेट आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरहून या मुलखाचा कारभार पाहत होते. त्यांच्या काळात दप्तरात मराठी आणि मोडी आली. भिलाईचा कारखाना ज्या मुलखात उभा आहे, त्या मुलखातल्या सरकारी कागदांची भाषा एके काळी मराठी होती, आणि रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, दुर्ग या भागांत आज दिसणाऱ्या जुन्या मराठी घराण्यांचे मूळ पुष्कळदा त्या काळात सापडते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले आणि त्याबरोबर छत्तीसगडही गेले. भोसल्यांच्या शिक्क्याची आज्ञा संपली. पितळ तसेच राहिले, अक्षरे तशीच राहिली, दाबणारा हातही कदाचित तोच असेल, पण त्यामागचे बळ गेले. ठसा स्वतः काहीच सांगत नाही. लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात म्हणून तो बोलतो.

छत्तीसगडचा आणखी एक धागा आहे आणि तो मला अधिक आवडतो. पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. छत्तीसगड हा लाखेचा मोठा प्रदेश. पत्र बंद करून त्यावर वितळलेली लाख टाकायची आणि ती मऊ असतानाच मुद्रा दाबायची, ही जुनी रीत. मोहोरबंद पत्राला मराठीत ‘लाखोटा’ म्हणतात तो यावरूनच. येथे एक तांत्रिक गोष्ट दडलेली आहे. पितळेची मुद्रा कडक असते. कडक वस्तू कडक कागदावर दाबली की सगळीकडे सारखी टेकत नाही. म्हणून समोरची वस्तू मऊ घ्यायची, लाख किंवा मेण. मुद्रा कडक आणि जमीन मऊ. रबराने हा हिशेब उलटा केला.

रबर : मऊ ठसा, स्वस्त ठसा

दक्षिण अमेरिकेतील चिकाचे नमुने १७३६ मध्ये ला कोंदामीन या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसला पाठवले. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी या पदार्थाने पेन्सिलीची रेघ पुसता येते अशी नोंद केली. म्हणजे युरोपातील रबराची एक पहिली ओळख खोडण्याचे साधन ही आहे, उमटवण्याचे नव्हे. कच्च्या रबराची खोड अशी की उन्हाळ्यात ते चिकट होते आणि थंडीत कडकडीत. भिलाईच्या मे महिन्यात कच्च्या रबराचा शिक्का टेबलाला चिकटून बसला असता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ होते हे गवसले. १८४४ मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक त्याच मार्गावर होते. रबराचे लांबलचक रेणू एकमेकांवर सुटे घसरत असतात. गंधक त्यांच्यात जागोजागी गाठी मारतो, त्यामुळे रबर दाबले तर दबते आणि सोडले की मूळ आकारात परत येते. ठशाला नेमके हेच हवे.

पुढचा टप्पा गमतीचा आहे. रबराच्या या नव्या प्रकारापासून दंतवैद्य कवळीचा आधार बनवू लागले, आणि त्यासाठी त्यांच्याकडे रबर तापवण्याची लहान भांडी असत. १८६० च्या दशकात अमेरिकेत अक्षरांचे रबरी शिक्के तयार होऊ लागले ते अशाच भांड्यांत. पहिला शिक्का कोणी केला याबद्दल एकाहून अधिक लोकांचे दावे आहेत. त्या भांडणात आपण पडायला नको. कवळीच्या भांड्यातून शिक्का निघाला, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

जुन्या पद्धतीचा रबरी शिक्का कसा करतात ते पाहा. छापखान्यातले शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचा. खिळ्यावरचे अक्षर उलटे आणि उठावाचे. त्याच्यावरून साचा घ्यायचा. साच्यात अक्षर सुलटे आणि खोल. त्या साच्यावर कच्च्या रबराचा पत्रा ठेवून गरम दाबयंत्रात दाबायचा. रबरावर अक्षर पुन्हा उलटे आणि उठावाचे. मग कापून लाकडी मुठीला चिकटवायचा. भिलाईच्या रुळाशी ही साखळी ताडून पाहा. तेथे एकच उलटापालट आहे, येथे छापील कागद धरला तर तीन. आता हे काम प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लास्टिकवर किंवा लेसरने होते. बाजारपेठेतल्या ज्या दुकानात नावाच्या पाट्या आणि शिक्के करून मिळतात तेथे थोडा वेळ उभे राहिलात तर अर्ध्या तासात शिक्का तयार होताना दिसेल.

याचा परिणाम काय झाला? पितळेची मुद्रा कोरणारा कारागीर दुर्मीळ होता, मेहनताना मोठा होता, आणि कोणासाठी कोरतो हे त्याला ठाऊक असे. मुद्रेचा धाक निम्मा तिच्या अधिकारात आणि निम्मा तिच्या दुर्मीळपणात होता. रबराने दुर्मीळपणा संपवला. ग्रामपंचायत, शाळा, पतपेढी, दवाखाना, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांकडे शिक्का आला. गोल शिक्का संस्थेचा, लांबट शिक्का अधिकाऱ्याच्या नावापदाचा, हा संकेत रुळला. पण जो शिक्का कोणालाही करून मिळतो त्याची खात्री काय? खोट्या मुद्रेची भीती रबराहून जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतच कूटकरणासाठी बनावट मुद्रा करणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. रबराने ती भीती स्वस्त केली, इतकेच. म्हणून शिक्क्याखाली सही आली, सहीखाली तारीख आली, आणि ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिले’ असे सांगणारा आणखी एक शिक्का आला. शिक्के वाढले तसतशी एकेका शिक्क्याची किंमत उतरली. जो स्वतः काही ठरवत नाही, नुसती मान डोलावतो, त्या पदाधिकाऱ्याला आपण ‘रबर स्टॅम्प’ म्हणतो. शिवकाळातल्या कोणाला ‘तुम्ही नुसता शिक्का आहात’ असे म्हटले असते तर तो अपमान वाटला नसता, कोडे वाटले असते.

कचेरीतून कार्डावर

अधिकाराची वस्तू स्वस्त झाली की ती खेळायला मिळते. जर्मनीतील हॅनोव्हरचे चित्रकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ मध्ये कचेरीचे शिक्के कागदावर वाटेल तसे उमटवून चित्रे केली. पहिल्या महायुद्धाने सरकारी हुकमांची अब्रू घालवली होती, त्यामुळे त्या चित्रांतली थट्टा लोकांना कळत होती. पुढे टपालाने एकमेकांना चित्रे पाठवणाऱ्या कलावंतांनी शिक्के आपलेसे केले, आणि १९७० च्या दशकापासून अमेरिकेत फुले, पक्षी, पाने यांचे रबरी ठसे घेऊन घरी शुभेच्छापत्रे करण्याचा छंद पसरला. आज कलासाहित्याच्या दुकानांत मिळणारे पारदर्शक ठसे आणि रंगीत गाद्या हा त्याच छंदाचा विस्तार आहे.

शुभेच्छापत्र हीदेखील टपालाची लेक. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे छापील कार्ड काढले. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मराठी घरांत संक्रांतीला लहान पाकिटात चिमूटभर हलवा किंवा तिळगूळ आणि चार ओळींचे कार्ड घालून पाठवायची पद्धत पडली ती टपाल स्वस्त होते म्हणून. नोकरीनिमित्त लांब राहणाऱ्यांना संक्रांत पोचायची ती पोस्टमनच्या हातून, आणि भिलाईसारख्या नोकरदारांच्या वसाहतीत हे समजावून सांगावे लागत नाही.

पण ठशाची आपली परंपरा छंदाची वाट पाहत बसली नव्हती. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे टेकवतात तो ठसाच आहे, आणि त्याशिवाय पत्रिका देवापुढे ठेवत नाहीत. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडी आडवी कापून रंगात बुडवली नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. भेंडीच्या कापाची पाच पाकळ्यांची चांदणी आपोआप मिळते, बटाट्यात मात्र नक्षी कोरावी लागते.

कागदाचाही इतिहास येथे जोडून घ्यावा. पेशवे दप्तरात जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद वापरलेला आहे. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा बसला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले, आणि तेथे हातकागदाचे प्रयोग झाले. १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून हातकागद संस्था उभी राहिली. वर्धा आणि दुर्ग-भिलाई एकाच मुंबई-हावडा लोहमार्गावर आहेत. एका टोकाला खेड्यातला उद्योग जगवण्यासाठी चिंध्यांपासून केलेला कागद, दुसऱ्या टोकाला परदेशी मदतीने उभारलेल्या झोतभट्ट्या. स्वतंत्र भारताने हे दोन्ही एकाच वेळी केले. त्यांत विरोध होता की नाही यावर तुम्ही निबंध लिहू शकाल. तुमच्या कार्डासाठी मात्र महत्त्वाचे हे की हातकागद खडबडीत असतो, आणि खडबडीत जमिनीवर मऊ रबरच नीट टेकते. लाखोट्याचा हिशेब उलटा झाला असे वर म्हटले ते याचसाठी. आता जमीन कडक आणि मुद्रा मऊ.

पहिला ठसा

विकतचा ठसा घेऊ नका. एक मोठे पांढरे खोडरबर, मऊ पेन्सिल, नवे पाते आणि शाईची एक गादी एवढे घ्या. पातळ कागदावर गडद पेन्सिलीने आकृती काढा, कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. आकृती उलटी उतरेल, म्हणजेच ठसा सुलटा येईल. प्रीस्टली यांच्या रबराचे हे दुसरे काम.

कोरताना पाते रेघेपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले ठेवा, म्हणजे उठावाच्या भागाचा पाया रुंद राहील. पाते आत झुकले की रेघ पोकळ होते आणि दोन-चार ठशांनंतर तुटते. एकदम खोल जाऊ नका. रिकामा भाग दोन मिलिमीटर खाली गेला तरी पुरतो.

शाई लावताना ठसा गादीवर आपटायची सवय आपण कचेऱ्यांत पाहून उचललेली असते. ती सोडा. ठसा तोंड वर करून धरा आणि गादी त्याच्यावर हलके टेकवा, म्हणजे शाई कोरलेल्या खाचांत उतरणार नाही. कार्ड सपाट टेबलावर ठेवा. ठसा सरळ खाली आणा, सर्व बाजूंनी सारखा दाबा, न डोलवता सरळ वर उचला. खडबडीत हातकागदाखाली जुन्या वहीची दोन-तीन पाने ठेवली तर ठसा भरून येतो. कचेरीची जांभळी शाई पातळ असते. खळ कमी असलेल्या हातकागदावर ती फुटते आणि रेघेला केसाळ कड येते. रंगद्रव्याची दाट शाई वर बसते, वाळायला मात्र वेळ घेते. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पाहून घ्यावे. काम झाले की ठसा ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगते.

एक मर्यादा पाळा. राजमुद्रेचे सिंह, सरकारी गोल शिक्क्याची नक्कल, एखाद्या कार्यालयाचे नाव, गंमत म्हणूनही कोरू नका. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तुमच्या मैत्रिणीला कार्डावरचा विनोद कळेल. तो कागद उद्या कोणाच्या हाती पडेल ते तुमच्या हातात नाही.

अक्षरे कोरायला घ्याल तेव्हा देवनागरीची एक गंमत समोर येईल. शिरोरेषा सगळी अक्षरे बांधून ठेवते, त्यामुळे ओळ वाकडी गेली की लगेच दिसते, आणि सरळ गेली तर सारा शब्द एकसंध उमटतो. मात्र वेलांटी फसवते. आरशात पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी. ‘दिवाळी’ या शब्दात दोन्ही आहेत. खोडरबरावर उलटा उतरलेला शब्द पाहून पुष्कळ जण शुद्धलेखनाची चूक झाली असे समजतात, ‘दुरुस्त’ करतात, आणि मग कार्डावर चूक उमटते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळत नसत, म्हणून त्या लेखकाला ही काळजी नव्हती. मुद्रा कोरणाऱ्याला होती. तेव्हा एकदा आकृती उतरली की तिच्याकडे अक्षर म्हणून पाहू नका, नुसती रेघ म्हणून पाहा, आणि शंका आली तर खोडरबर आरशासमोर धरा. पहिल्या कार्डासाठी ‘दिवाळी’ कोरायचेच असेल तर अक्षरे बोटाच्या पेराएवढी मोठी ठेवा, कारण ‘व’ आणि ‘ळ’ यांच्या पोटातली जागा लहान अक्षरांत शाईने बुजते.